तो वाण आणि ते वाण

विजयाताईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या पाकळ्या मोजत होत्या. दोन हजार चार सालचा शरद ऋतू होता. शिक्षण नुकतंच संपवून मी नोकरी शोधत होते आणि हॉलंडच्या वेस्टलँड भागातल्या, फुलांचे नवे वाण तयार करणाऱ्या एका कंपनीने मुलाखतीला बोलावलं होतं. 'विभागप्रमुख आत शेवंतीत आहेत' एवढं सांगून मला ग्रीनहाऊसच्या दारात सोडून देण्यात आलं. आत एका वाफ्याशी पांढऱ्या कोटातल्या एक बाई फुलावर वाकून पुटपुटत होत्या, सदतीस, अडतीस, एकोणचाळीस. दोन वर्षं वाखनिंगनच्या कृषी विद्यापीठाच्या वसतिगृहात काढलेली मी मराठीला इतकी आसुसलेली होते की 'गुड मॉर्निंग' म्हणायचं सोडून माझ्या तोंडून निघून गेलं, "चाळीस."

त्यांनी मानही वर केली नाही. शेवटची पाकळी चिमटीत धरून म्हणाल्या, "एकोणचाळीसच आहेत. घाई करणारी माणसं मला चालत नाहीत." मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि वही माझ्या हातात दिली. पुढचं फूल मी मोजलं. मुलाखत एवढीच झाली, आणि खरं सांगायचं तर ती अजून चालूच आहे. तीस वर्षं हॉलंडात काढलेल्या ताई भांडायच्या डचमध्ये, पत्रं लिहायच्या इंग्रजीत, पण मोजायच्या मात्र मराठीतच.

डॉ. विजया घारपुरे यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी 'ताईंच्या कार्याचा आढावा घ्या' असं संपादकांनी मला कळवलं. आढावा घेणारे अधिकारी लोक या ग्रंथात पुष्कळ आहेत. त्यांच्या लेखांत ताईंनी तयार केलेल्या वाणांची यादी मिळेल, परिषदांतली भाषणं मिळतील. मी त्यांच्या हाताखाली शिकलेली आहे, आणि एका प्रकरणात मी त्यांना जवळजवळ बुडवलंही आहे. तेव्हा मला जे माहीत आहे ते मी लिहिते.

ताई मूळच्या वाईच्या. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून पदवी घेऊन सत्तरच्या दशकात त्या शिकायला इकडे आल्या आणि शेवंतीत अडकल्या त्या अडकल्याच. इथली शेवंती मोठी, डौलदार, लांब दांड्याची. ताईंच्या डोळ्यांसमोर होती ती आपली लहान, पिवळीधमक, गच्च भरलेली, दसऱ्याच्या तोरणातली. दोघींचा संसार एका झाडात लावायचा हा त्यांनी घेतलेला ध्यास. नवं फूल तपासायची त्यांची रीतही न्यारी होती. बाकीचे लोक फुलं पाण्यात ठेवून किती दिवस टिकतात ते बघत. ताई त्याशिवाय सुई-दोरा घेऊन बसायच्या, फुलं ओवायच्या आणि ती माळ ऑफिसच्या खिडकीला टांगायच्या. ओवताना पाकळ्या गळाल्या की तो नंबर बाद. डच सहकारी सुरुवातीला हसायचे, मग स्वतःच 'दोऱ्यावर पास झाली का?' असं विचारायला लागले.

वाचकांपैकी बरेच जण या धंद्यातले नाहीत, म्हणून दोन शब्द वाणहक्काबद्दल. लेखकाचा जसा पुस्तकावर हक्क, तसा नवा वाण घडवणाऱ्याचा त्या वाणावर हक्क. डच भाषेत त्याला क्वेकर्सरेख्त म्हणतात. ज्या बागायतदाराला ते फूल लावायचं असेल त्याने रोपामागे रॉयल्टी द्यायची, आणि त्या रॉयल्टीवर पुढच्या दहा वर्षांचं संशोधन चालायचं. दहा हजार रोपांतून एखादं उभं राहतं, बाकीची खतात जातात. ज्याने ती दहा हजार बघितली त्याचं काही आहे की नाही, एवढाच ताईंचा साधा प्रश्न असे.

या बाबतीत त्या आपला-परका काही बघायच्या नाहीत. मावळातले एक फूल-बागायतदार होते, त्यांचा एकदा फोन आला. ताई, तुम्ही आपल्याच, पुण्याला येताना पर्समध्ये लावायला चार काड्या टाकून आणा, कुणाला कळतंय, असं त्यांचं म्हणणं. ताईंनी त्यांना असं काही सुनावलं की पलीकडे बसलेली मी कानकोंडी झाले. पण फोन ठेवून त्या तडक मालकांकडे गेल्या. भारतातल्या लहान बागायतदाराला लागवडीआधीच रॉयल्टी भरणं झेपत नाही, पहिलं पीक विकलं गेल्यावर घ्या, हे त्यांनी तीन आठवडे भांडून मान्य करून घेतलं. ते बागायतदार वर्षभर रुसले होते. आता दर दिवाळीला त्यांचा फोन येतो आणि त्या चार काड्यांवरून ते अजून ताईंना टोमणे मारतात.

वैयक्तिक लोभाबद्दल काय लिहू? नोकरीतल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात त्यांनी मला स्वतःचा लोकरीचा कोट दिला आणि 'मला आखूड होतो' असं सांगितलं. तो त्यांना आखूड होत होता खराच, आणि मला बरोबर बसला, कारण त्या माझ्यापेक्षा वीतभर उंच आहेत, पण थंडीत आखूड कोटही चालतो हे मला पुढे कळलं. माझी मुलगी इथेच जन्मली, इथल्याच शाळेत गेली. मी मराठीत विचारावं, तिने डचमध्ये उत्तर द्यावं, हे आमच्या घरचं रोजचं. ताई आल्या आणि कन्यारत्नाने डचमध्ये सुरुवात केली की ताई म्हणायच्या, "बाळ, मला डच कळतं, पण ऐकू मराठीतच येतं." दोन-तीन तास त्या खरोखर ओ देत नसत. आज माझी मुलगी जे मराठी बोलते, ते ताईंच्या त्या बहिरेपणाची कृपा आहे. शनिवारवाड्यापासून कोसभरच्या आत वाढलेल्या आईला जे जमलं नाही ते त्यांनी करून दाखवलं.

आता त्या प्रकरणाकडे येते.

आमच्याकडे तयार होत असलेल्या वाणांना नावं नसत, नंबर असत. त्यातला चारशे सतरा हा ताईंचा जीव की प्राण. लहान, पिवळा, दोऱ्यावर पास झालेला, आणि इथल्या थंड उजेडातही भरभरून फुलणारा. अकरा वर्षं त्या त्याच्या मागे होत्या. त्या हिवाळ्यात त्याच्या काड्यांना मुळं फुटून रोपं तयार झाली होती. लागतील तेवढी पुढे जायची आणि उरलेली क्रेटमधून नष्ट करायला जायची, हा नियम. कागदावर परवानगी असल्याशिवाय पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही, हाही नियमच. पण विभागप्रमुख हो म्हणाल्या म्हणजे झालं, असं मी नवखी समजत होते.

जानेवारी आला. कापेल आन डेन आयसेल या गावी भाड्याच्या घरात माझी पहिली संक्रांत. त्या काळी नवऱ्यामागे बायका यायच्या, माझ्यामागे नवरा आला होता. प्रसाद नोकरी शोधत होता आणि आम्हा दोघांचा इथे राहण्याचा परवाना माझ्या नोकरीला बांधलेला होता. पुण्याहून सासूबाईंचा फोन आला की पहिलं हळदीकुंकू आहे, नीट कर. वाण काय द्यायचं हा प्रश्न होता. सुपरमार्केटातले प्लास्टिकचे डबे द्यायचं माझ्या जिवावर आलं होतं, आणि इकडे क्रेटमध्ये ती टवटवीत रोपं मरायला निघालेली.

मी ताईंना विचारलं. हे मी शपथेवर सांगते, विचारलं. पंखे घरघरत होते, ताई वाफ्याच्या पलीकडच्या टोकाला, तोंडात पेन्सिल. मी ओरडून म्हटलं, "ताई, चारशे सतराची उरलेली वाण म्हणून देऊ का?" त्यांनी पेन्सिल काढली आणि ओरडून उत्तर दिलं, "दे की. वाण म्हणूनच द्यायची आहेत ती."

मराठी वाचकाला पुढचं सांगायला नको, पण तरी सांगते. आमच्या दोघींच्या कामाच्या मराठीत 'वाण म्हणून देणं' म्हणजे ती रोपं तुलनेच्या वाफ्यात, बाजारातल्या इतर वाणांशेजारी लावायला देणं. ताईंनी ते ऐकलं. मी विचारत होते संक्रांतीचं. शेतकीच्या पुस्तकातला तो वाण आणि हळदीकुंकवाचं ते वाण. पण नुसतं 'वाण म्हणून' म्हटलं की तो आहे का ते आहे हे कळायला जागाच राहत नाही. चौदा रोपं मी चौदा छोट्या कुंड्यांत लावली, कुंड्यांना गेरू फासला, आणि कापेलच्या, आल्मेरेच्या, फेल्डहोवनच्या चौदा जणींच्या ओटीत घातली. सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं.

सव्वा वर्षाने, दोन हजार सहाच्या वसंतात, चारशे सतरावर हक्क मागायचं ठरलं. अर्ज भरायला ताई आणि मी समोरासमोर बसलो होतो. ताई एकेक प्रश्न वाचत होत्या, मी लिहीत होते. या वाणाची रोपं याआधी कुणाला दिली आहेत का, असा प्रश्न आला. ताई 'नाही' म्हणून पुढे निघाल्याही होत्या. मी आपली सहज म्हणाले, संक्रांतीला दिली होती की, तुम्हाला विचारूनच.

ताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. काय विचारलं होतंस, ते शब्द जसेच्या तसे सांग, म्हणाल्या. मी सांगितले. त्या आधी हसल्या, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, आणि मग अर्जातला तो प्रश्न पुन्हा एकदा वाचला.

नियम असा की वाण 'नवा' पाहिजे. अर्जाच्या एक वर्षाहून आधी, धंद्याच्या हेतूने, घडवणाऱ्याच्या संमतीने तो बाहेर दिला गेला असेल तर नवेपणा जातो आणि हक्क मिळत नाही. पण संमतीशिवाय कुणी उचलून नेला असेल तर नवेपणा शाबूत राहतो. कंपनीच्या वकीलबाईंनी हे आम्हाला दोन वाक्यांत सांगितलं. चोरीला गेलं असेल तर नवं, दिलं असेल तर जुनं व्हायची भीती. आमचे मालक हेन्क, तसे मनाने चांगले, पण धंदा तो धंदा. त्यांनी हिशेबी माणसासारखा मार्ग सुचवला. मीनलने, म्हणजे मी, परवानगीशिवाय रोपं नेली असं लिहायचं, तिला कामावरून कमी करायचं, वाण वाचतो. दुसरा मार्ग वकीलबाईंनी न सुचवल्यासारखा सुचवला. चौदा बायकांच्या खिडकीतल्या कुंड्या, कुणाला कळणार आहे, प्रश्नापुढे 'नाही' लिहा.

मला विचाराल तर मी दुसऱ्या मार्गावर लगेच सही केली असती. खोटं कशाला बोलू? पहिल्या मार्गाने आम्ही दोघं तीन महिन्यांत पुण्याच्या विमानात बसणार होतो, आणि चोर हा शिक्का पासपोर्टावर नसला तरी मनावर राहणार होता. ताईंपुढे अकरा वर्षांचं फूल होतं. त्यांनी मान हलवली असती तरी पुरलं असतं.

ताई म्हणाल्या, "तिने विचारलं, मी हो म्हटलं. मी काय ऐकलं हा माझा दोष. या अर्जात घडवणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव आहे, तेव्हा त्यात खोटं लिहिलं तर तेही मीच घडवलेलं होईल."

मग वाण या शब्दाची फोड करणं आलं. ताईंनी चार पानी निवेदन लिहिलं. त्यात रोमन लिपीत 'वाण' लिहिला, आणि डचमध्ये त्याच अक्षरांचा शब्द म्हणजे झेंडा. वकीलबाईंनी समासात विचारलं, कुठला झेंडा? 'वाण लुटलं' याचं ताईंनी शब्दशः भाषांतर केलं तर त्यातून चौदा बायकांनी कंपनी लुटली असं निघायला लागलं. शेवटी ताईंनी कागद बाजूला ठेवला आणि वकीलबाईंना त्यांच्याच भाषेत पकडलं. डचमध्येही शब्दाच्या लिंगावरून अर्थ बदलतो, 'द बॉस' म्हणजे फुलांची जुडी आणि 'हेट बॉस' म्हणजे जंगल. आता पंख्यांच्या आवाजात कुणी तुम्हाला नुसतं विचारलं की बॉस आणू का, तर तुम्ही काय समजाल? वकीलबाई जन्माने फुलवाल्यांच्या घरच्या. त्या खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, आता मला लिहिता येईल. दिलं खरं, पण दोघींनी वेगवेगळं समजून, फुकट, घरच्या सणाला, धंद्यासाठी नव्हे, असं लिहायचं ठरलं. फक्त त्या चौदा जणींनी रोपं वाढवून विकली नाहीत, पुढे दिली नाहीत, हे प्रत्येकीकडून लेखी हवं होतं.

मग आमची दर शनिवारची भटकंती सुरू झाली. आयटीवाल्यांच्या घरी झाडं कशी मरतात याचा अभ्यास करायचा असेल तर माझ्याकडे या. कुणाचं रोप रेडिएटरवर भाजून गेलं होतं, कुणी रोज तांब्याभर पाणी घालून कुजवलं होतं, कुणी पाच आठवडे भारतात जाऊन आलं होतं. रोपं गेल्याचं ऐकून ताईंचा चेहरा खुलायचा आणि बिचाऱ्या यजमानिणी बुचकळ्यात पडायच्या. आल्मेरेला तर कमाल झाली. आम्ही येणार म्हणून कळल्यावर तिथल्या बाईंनी, वाण मेलं म्हणून सांगणं बरं दिसत नाही या विचाराने, सुपरमार्केटातून पिवळी शेवंती आणून टेबलावर मांडली होती. ताईंनी एक पान उलटून पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, हिची तब्येत छान आहे, पण ही आमच्यातली नव्हे. त्या बाई लाजून स्वयंपाकघरात पळाल्या आणि बराच वेळ चहाच करत बसल्या.

तेरा घरं अशी पार पडली. चौदावं फेल्डहोवनचं. तिथल्या, संगणकाच्या चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कारखान्यातल्या एका इंजिनियरांच्या पत्नी, आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो. त्यांच्या हाताला भलता गुण. खिडकीत चारशे सतरा तर होताच, शिवाय त्याच्या काड्या लावून केलेली आणखी पाच रोपं, फुललेली. आणि एक शेजारच्या डच आजींकडे पोचलेलं. मी घाईघाईने म्हटलं, वहिनी, ती सगळी परत द्यावी लागतील. वहिनींचा चेहरा उतरला. संक्रांतीचं वाण परत मागतात का कुणी, असं त्यांनी विचारलं, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं.

ताईंनी मला नजरेने गप्प केलं. त्या खिडकीजवळ जमिनीवरच बसल्या आणि वहिनींना त्या फुलाची सगळी कहाणी सांगितली, पहिल्या संकरापासून. मध्येच थांबून त्यांनी वहिनींच्या झाडाची तारीफ केली आणि तुमचं झाड आमच्या वाफ्यातल्यापेक्षा निकोप आहे, असं म्हणाल्या. शेवटी एवढंच सांगितलं की मागायला आलेली नाही, तुम्ही वाढवलंत, तुम्ही ठेवणार असाल तर मी कागदावर तसं लिहीन. तसं लिहिलं असतं तर हक्क गेला असता हे वहिनींना कळायला वेळ लागला नाही. त्या उठल्या, शेजारून ते एक रोप घेऊन आल्या, सगळ्या कुंड्या एका खोक्यात भरल्या आणि आतून करंडा आणला. "परत देत नाहीये हं. हे माझं वाण आहे, मी तुम्हाला देतेय." असं म्हणून त्यांनी ताईंच्या कपाळाला हळदीकुंकू लावायला हात पुढे केला.

ताई क्षणभर थांबल्या आणि मग त्यांनी मान खाली केली. मी दाराशी बसून बुटांच्या नाड्या बांधत राहिले, नको तितका वेळ. परतीच्या आगगाडीत खोकं ताईंच्या मांडीवर होतं आणि कपाळावरचं कुंकू त्यांनी पुसलं नव्हतं.

फेल्डहोवनची हकीकतही ताईंनी निवेदनात जशीच्या तशी लिहिली. वाणहक्काच्या कार्यालयाने सहा महिने प्रश्न विचारले. शेवटी, घरच्या सणाला दिलेली भेट ही धंद्यासाठी दिलेली नव्हे, हे त्यांनी मान्य केलं. रीतसर चाचण्या झाल्या आणि चारशे सतराला हक्क मिळाला. माझी नोकरी राहिली, परवाना राहिला, मुलगी झाली, घर झालं. ताईंच्या फायलीत मात्र हलगर्जीपणाबद्दल एक लेखी ताकीद लागली, तीस वर्षांच्या नोकरीतली एकुलती एक. ती त्यांनी ऑफिसात माळेशेजारीच टांगली होती. फूल बाजारात खूप चाललं. कॅटलॉगमध्ये त्याला कसलंसं चकचकीत इंग्रजी नाव दिलं होतं, पण आम्ही ते कधी तोंडातून काढलं नाही. फुलांच्या धंद्यात वाणांचं आयुष्य थोडं असतं. नवे येतात, जुने यादीतून जातात. चारशे सतराही गेला. कधी फुलांच्या दुकानात पिवळी शेवंती दिसली की मी अजून पान उलटून बघते, आणि तो नाही हे कळलं की उगीच हुरहूर लागते. ते काचघर, पंख्यांची ती घरघर, वाफ्यापलीकडून येणारा तो मोजणीचा आवाज, सगळं डोळ्यांपुढे येतं. फार सुखाचे दिवस होते ते, आणि तेव्हा ते कळलं नाही.

हा किस्सा मी शंभर ठिकाणी सांगितला आहे. तो वाण, ते वाण म्हटलं की लोक हसतात. पण हेन्क आणि वकीलबाईंबरोबरच्या बैठकीतली एक गोष्ट मी दर वेळी गाळते, वरही गाळली आहे. आज ती लिहायला हवी.

त्या बैठकीत हेन्कनी ताईंना विचारलं होतं, तू त्या समारंभाला गेली असशील ना? तुझ्याच हाताखालच्या मुलीच्या घरी? तू तर नुसतं पान बघून झाड ओळखतेस, तिथल्या तिथे कळलं असतं. ताई शांतपणे म्हणाल्या, "त्या दिवशी मला ताप होता."

ताप नव्हता. हळदीकुंकवाच्या त्या शनिवारी ताई ठणठणीत होत्या, कामावर होत्या. मी त्यांना बोलावलंच नव्हतं. ताईंचे यजमान मी इथे येण्याच्या बऱ्याच आधी वारले होते. सासूबाई फोनवर म्हणाल्या होत्या की फक्त सवाष्णींनाच बोलाव हं. मी शिकलेली, सूक्ष्मदर्शकाखाली परागकण बघणारी बाई. 'बरं' म्हणून मी यादी केली. जेमतेम ओळख असलेल्या बायकांना मी आल्मेरेहून बोलावलं आणि जिने मला नोकरी दिली, अंगावरचा कोट दिला, तिला वगळलं. सासूबाईंना दोष देण्यात अर्थ नाही, त्या काही पुण्याहून दार अडवायला येणार नव्हत्या. पुढच्या संक्रांतीलाही मी तेच केलं. शब्दाने घोटाळा केला हे खरं, पण तो घोटाळा ज्यांच्या एका नजरेने तिथल्या तिथे मिटला असता त्या माझ्या घरात नव्हत्या, आणि त्या नव्हत्या ते माझ्यामुळे. ताईंना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ज्यांनी आपल्या फुलासाठी कागदावर एक अक्षर खोटं लिहू दिलं नाही, त्या माझी लाज झाकायला चारचौघांत खोटं बोलल्या.

त्यानंतरच्या प्रत्येक संक्रांतीला माझं पहिलं बोलावणं ताईंना जातं. पहिल्या वर्षी कुंकू लावताना माझं बोट जरा जोरातच टेकलं, तर म्हणाल्या, नीट लाव, काडी खोचतेस का? बाकी त्या कधी काही बोलल्या नाहीत आणि माफी मागायचं धैर्य मला कधी झालं नाही.

ताई, मी तुम्हाला बोलावलं नव्हतं. माझं चुकलं. हे तुमच्या सगळ्या सुहृदांसमोर छापून येऊ दे. आजवरच्या इतक्या संक्रांतींनी त्या दोन संक्रांती भरून आलेल्या नाहीत. माझ्या हिशेबाने अजून पंचवीस तरी लागतील, आणि तेवढ्या धडधाकटपणे माझ्या दारात येऊन तुम्ही मला द्याव्यात, एवढंच आज मागते.